चिठ्ठी नसलेलं पुस्तक

ओटामारी,
सोमवार, १९ ऑगस्ट, सकाळ

प्रिय एव्ही,

कशी आहेस? खुब्याचं दुखणं आता कमी असेल आणि काठीशिवाय निदान मोरीपर्यंत जात असशील, असं धरून चालते. इकडे मी बरी आहे. दक्षिणेचा वारा पाच दिवस झाले थांबायचं नाव घेत नाही. काल गारा पडल्या, आणि पलीकडच्या कुरणात मेंढ्यांना व्यायला नेमका हाच आठवडा सापडलाय. शेजारची मॉर्ना दोन कोकरं स्वयंपाकघरात घेऊन बसली आहे. तिच्या घरातून सकाळपासून ओल्या लोकरीचा वास येतोय.

दहा वर्षांनी बहिणीचं पत्र, आणि त्यात हवापाणी! तू म्हणशील, नोलाला म्हातारचळ लागला. लागलाही असेल. एवढ्या चार ओळी लिहिताना मी तीनदा उठले. एकदा किटली ठेवायला, एकदा ती बंद करायला, आणि तिसऱ्यांदा कशाला ते खिडकीपाशी गेल्यावरही आठवेना.

तुझा खुबा मोडला ते मला कसं कळलं, असं विचारशील. गाव केवढंसं, कुणाला शिंक आली तरी पोस्टात कळतं. पण ते कारण नाही. मला ते कळलं तुझ्या अर्जावरून. वाचनालयाची घरपोच पुस्तकं सुरू करण्यासाठी गेल्या वर्षी तू जो अर्ज भरलास, त्यात ‘काय आवडतं’च्या पुढे तू लिहिलं होतंस : ‘खून चालतील. घोडे नकोत. लेखक फार शहाणा नसावा.’ अक्षर बघण्याआधीच ओळखलं मी.

एव्ही, मी दोन वर्षांपूर्वी वाचनालयातून निवृत्त झाले. तेव्हापासून घरपोच वाचकांच्या पिशव्या मी भरते. ज्यांना बाहेर पडवत नाही अशांसाठी दर बुधवारी पुस्तकं निवडायची, कापडी पिशवीत घालायची, आणि गुरुवारी तामाती गाडी घेऊन वाटत जातो. पगार नाही, चहा मिळतो. अकरा पिशव्या आहेत. त्यातली सातवी तुझी.

झालं एकदाचं लिहून. आता ताटकळत ठेवत नाही : सव्वा वर्ष तुझ्या घरी येणारं प्रत्येक पुस्तक मी निवडलेलं आहे. ते दीपगृहावरच्या दोन भावांचं, ते ट्रॅक्टर पळवणाऱ्या म्हातारीचं, ज्यात पाव भाजणारीच खुनी निघते ते. सगळी मीच.

मी तुझा अर्ज दुसऱ्या कुणाकडे द्यायला हवा होता. वाचनालयातल्या कोरीनला म्हणालेही असते, ‘ही पिशवी तू भर.’ पण कोरीन बाई तुला घोड्यांची पुस्तकं पाठवत बसली असती. बघ, लगेच सबब. सबबींचं तर माझ्याकडे कपाट भरलेलं आहे. खरं एवढंच की तुझं नाव बघितलं आणि कागद हातातून सोडवेना.

आणि आणखी एक. म्हाताऱ्या वाचक बायका आपण हे पुस्तक वाचलंय हे लक्षात राहावं म्हणून आत बारीक खूण करतात, ते तुला ठाऊकच आहे. वाचनालयाला ते चालत नाही, आणि वाचनालय गेली चाळीस वर्षं ते न बघितल्यासारखं करतं. श्रीमती ड्रमंड विसाव्या पानावर फुली मारतात. ते गवंडी आजोबा शेवटच्या पानावर वीट काढतात. तू सदतिसाव्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने छोटा मासा काढतेस. आवडलं तर माशाला डोळा असतो, नाही आवडलं तर नसतो. हे मी तिसऱ्या पिशवीला ओळखलं. तेव्हापासून दर शुक्रवारी परत आलेली पुस्तकं मी कोट काढायच्या आधी उघडते. सव्वा वर्षात आंधळे मासे फक्त चार. मला या वयात कुणी पदक दिलं असतं तरी एवढी मिजास चढली नसती.

तामातीला सगळं माहीत आहे. तो आयुष्यभर ट्रक चालवलेला माणूस, त्याच्यापासून काय लपणार? परवा म्हणाला, ‘‘बाई, चौदा किलोमीटरवर बहीण राहते. तुम्ही तिला पुस्तकं धाडता, ती तुम्हाला मासे धाडते. तुमच्या या अबोल्यात पेट्रोल माझं जळतंय.’’

मी म्हटलं, ‘‘तू गप्प गाडी चालव.’’

‘‘गप्पच चालवतोय. दोघीही मला हेच सांगता,’’ म्हणाला.

दारावर मॉर्ना आली आहे. कोकरांसाठी दुधाची बाटली हवी आहे. उरलेलं नंतर लिहिते.

मंगळवार, दुपार

एव्ही, काल नंतर लिहिलं नाही. कपाटं आवरली. लोणच्याच्या बरण्या पुसल्या. लोणचं कुणी खात नाही या घरात, तरी पुसल्या.

गेल्या शुक्रवारी तुझ्या पिशवीतून पुस्तकांबरोबर तीन वह्या आल्या. गवताच्या गाठोड्यांना बांधतात त्या सुतळीने बांधलेल्या. वर तुझी चिठ्ठी. तू लिहिलेलीच तुला काय सांगायची. पण माझी ती पाठ झाली आहे. ‘पिशव्या भरणाऱ्या बाईंस, किंवा बुवांस. तुम्ही कोण ते तामाती सांगत नाही. पुढच्या महिन्यात मुलगी मला ब्रिस्बेनला नेणार आहे, कायमची. या वह्यांत मी एक कादंबरी लिहिली आहे. तुमची नजर चांगली आहे, म्हणून विचारते : बरोबर नेऊ की शेकोटीत घालू? वाईट असेल तर वाईट म्हणा. पूर्वी एक होती माझ्याकडे विचारायला. तिने उत्तरच दिलं नाही.’

ते शेवटचं वाक्य वाचलं आणि मी वाचनालयाच्या मागच्या खोलीत खुर्चीवर बसले ती कोरीन दिवे घालवायला येईपर्यंत.

तर ‘ती एक’ आता बोलते. तुला सगळं ठाऊक आहे, पण मला एकदा माझ्या तोंडून सांगू दे.

तेरा वर्षांपूर्वी तू पुस्तक लिहिलंस, ‘शीतगृहातल्या बायका’. मांसाच्या कारखान्यात तीस वर्षं गोठलेल्या हातांनी खोकी भरलीस, आणि चहाच्या सुट्टीत, हातमोजे काढून, तू ते लिहिलंस. इन्व्हरकार्गिलच्या छापखान्यातून दीडशे प्रती काढल्यास. दोन प्रती घेऊन वाचनालयात आलीस. नवा निळा स्वेटर घातला होतास. म्हणालीस, ‘‘नोला, वाच आणि आवडलं तर चिठ्ठी लाव. नाही आवडलं तर लावू नको, पण मला सांग.’’

त्या चिठ्ठ्यांचं काय प्रस्थ होतं या गावात! पिवळा कागद, फळीच्या कडेला चिकटवलेला, त्यावर दोन ओळी आणि खाली ‘– नोला’. लोक पुस्तक उघडायच्या आधी चिठ्ठी वाचायचे. कसाई सांगायचा, ‘‘नोलाबाईंची चिठ्ठी आहे का? मग द्या.’’ आणि चिठ्ठी नसली की पुस्तक जागेवरून हलायचं नाही. मला ते ठाऊक होतं. मला ते आवडायचंही, खोटं कशाला बोलू.

तू तीन आठवडे रोज यायचीस. मी म्हणायची, ‘‘वाचतेय गं, वाचतेय.’’ मग म्हटलं, ‘‘एव्ही, नातेवाइकांच्या पुस्तकाला चिठ्ठी लावायची नाही असा नियम आहे वाचनालयाचा.’’ तू म्हणालीस, ‘‘बरं.’’ एवढंच. आणि तुझं पुस्तक मी खालच्या फळीवर लावलं, भरती-ओहोटीच्या तक्त्यांच्या आणि चर्चच्या शंभर वर्षांच्या इतिहासाच्या मधे.

असा कुठलाही नियम नव्हता. नाही. कधीच नव्हता. मी तिथल्या तिथे बनवला, टेबलावरचा शिक्का हातात फिरवत.

लोक विचारायचे, ‘‘नोला, बहिणीचं पुस्तक कसं आहे?’’ मी म्हणायची, ‘‘बहिणीचंच आहे, मी काय बोलणार?’’ वर हसायची. त्या हसण्याचा गावाने काय अर्थ घ्यायचा तो घेतला. तू कारखान्याच्या उपाहारगृहात जायचीस तेव्हा बायका दुसरंच काहीतरी बोलायला लागायच्या, हे मला नंतर तामातीच्या बायकोने सांगितलं.

पुढचं तर तुझ्या डोळ्यांसमोर झालं. तीन वर्षं जे पुस्तक कुणी नेत नाही ते काढून टाकायचं, हा नियम मात्र खरा. यादी निघाली. त्यात तुझं होतं. अशी पुस्तकं मी एक एक घ्यायची, आत ‘रद्द’ असा लाल शिक्का मारायची, खाली सही करायची आणि खोक्यात टाकायची. त्या दिवशी सत्तर होती. तुझं हातात आलं तेव्हा मी थांबले का? थांबले. शिक्का मारला का? मारला. दुसरी प्रत तेवढी मी पर्समध्ये टाकली. का, ते उद्या सांगते.

शाळेच्या सभागृहात, निधीसाठी चीज रोल विकायच्या दिवशी, डॉलरला एक पुस्तक अशा टेबलावर ते तुला सापडलं. विणकामाच्या नमुन्यांच्या खाली. मी रोल भाजत होते, हाताला लोणी लागलेलं. तू ते उघडलंस, शिक्का बघितलास, सही बघितलीस. डॉलर ठेवलास. आणि माझ्यापाशी येऊन हळू म्हणालीस, ‘‘नोला, तू वाईट म्हणाली असतीस तर मी दुसरं लिहिलं असतं.’’

रोल जळले त्या दिवशी. वीस जणांना परत पैसे द्यावे लागले. आणि आईच्या अंत्यविधीला तू उजव्या बाकावर बसलीस, मी डाव्या.

आता पुढचं लिहायला हात चालत नाही. फिरून येते.

बुधवार, सकाळ

नदीच्या मुखापर्यंत जाऊन आले काल. वाऱ्याने उभं राहू दिलं नाही. परतताना एका कुंपणापाशी थांबले आणि कुंपणाला सांगून बघितलं, मोठ्याने. कुंपणाला सांगता आलं. तर तुलाही सांगता येईल.

तुला वाटत असेल, हिने वाचलंच नाही. किंवा वाचलं आणि आवडलं नाही, पण सांगायची हिंमत झाली नाही. दहा वर्षं तू यातलंच काहीतरी धरून बसली असशील. मीही तुला तसंच वाटू दिलं. ‘वेळ झाला नाही’ ही सबब तर मी आईलासुद्धा दिली होती.

मी वाचलं, एव्ही. तू दिलंस त्याच दिवशी दुपारी दुकानातून पाव आणायला म्हणून निघाले आणि गाडीतच बसून वाचत राहिले. पाव राहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. त्या बायका बर्फाच्या खोलीत एकमेकींचे हात काखेत धरून ऊब देतात, आणि त्यातली एक दुसरीशी सहा महिने भांडलेली असते, तरी हात धरते! ते वाचताना मी गाडीत हुंदके देऊन रडले. कसाई काचेवर टकटक करून विचारून गेला, ‘‘कुणी गेलं का, बाई?’’

ते चांगलं होतं. नुसतं चांगलं नाही, फार चांगलं होतं. चाळीस वर्षांत मी त्या फळ्यांवर जी लावली त्यातली निम्मी त्याच्या पासंगालाही पुरली नसती.

आणि म्हणून मी चिठ्ठी लावली नाही.

तुलाच काय, कुणालाच माहीत नाही : मीही लिहायची. शाळा सुटल्यापासून. वाचनालयात नोकरी धरली तीच त्यासाठी, की पुस्तकांत राहिलं की एक दिवस आपल्यालाही येईल. नऊ वह्या भरल्या. दर वेळी वाचून बघायची आणि कळायचं, यात जीव नाही. दुसऱ्याचं चांगलं काय ते मला चटकन कळतं, तोच माझा गुण. तो स्वतःवर लावला की सत्यानाश. तरी मनाला म्हणायची, लिहिणं ही काही कारखान्यात खोकी भरणाऱ्यांची गोष्ट नाही, त्याला वाचन लागतं. तुझ्या घरात तेव्हा शिवणाच्या मासिकांशिवाय काय होतं?

आणि तू चहाच्या सुट्टीत लिहिलंस! पंधरा-पंधरा मिनिटांत!

माझा जळफळाट झाला. याला दुसरा शब्द नाही, शोधून दमले. तुझा निळा स्वेटर बघूनसुद्धा राग यायचा. वाटायचं, चिठ्ठी लावली की सगळं गाव वाचणार, मग म्हणणार, ‘बहिणींत लिहिणारी ती, आणि ही नुसती शिक्के मारणारी.’ ते काही खोटं नव्हतं, म्हणून तर जास्त लागलं. एवढंच करायचं होतं मला : गप्प राहायचं. वाईट म्हणायचं धैर्य नव्हतं, कारण ते खोटं ठरलं असतं आणि पुस्तकांबद्दल मी कधी खोटं बोलत नाही, ही माझी शेखी. बघ कशी असते माणसाची अक्कल! पुस्तकाबद्दल खोटं बोलायचं नाही म्हणून बहिणीशी खोटं बोलले.

तू म्हणालीस, दुसरं लिहिलं असतं. तेरा वर्षं, एव्ही. तुझ्याकडून तेरा वर्षांची पुस्तकं मी काढून घेतली आणि त्यावर सही केली. माफ कर असं लिहायला गेले आणि खोडलं. तो शब्द इथे बारीक वाटतो. तरी मागते. मनात आणशील तर कर, नाही तर राहू दे.

आता तुझ्या वह्या. पिशव्या भरणाऱ्या अनोळखी बाईला तू त्या दिल्यास, मला नाही. मी कोण ते न सांगता त्या वाचणं म्हणजे तुझ्या कपाटाला दुसरी किल्ली लावण्यासारखं झालं असतं. म्हणून उद्याच्या पिशवीत त्या परत येताहेत, त्याच सुतळीत. तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा हक्क मी गमावला आहे. कोरीनला द्यायच्या असतील तर तामातीला सांग. ती घोड्यांच्या बाबतीत वेडी असली तरी माणूस सरळ आहे. पण शेकोटीत घालू नकोस. हे सांगायलाही मला हक्क नाही, तरी सांगते. मोठी बहीण आहे.

काल मी ग्रँटला, वाचनालयाच्या नव्या प्रमुखाला, जाऊन भेटले. इतकं चांगलं पुस्तक सगळंच जाऊ देववेना म्हणून पर्समध्ये टाकलेली तुझी ती प्रत त्याच्यापुढे ठेवली. म्हटलं, ‘‘हे मी दहा वर्षांपूर्वी इथून चोरलं. परत घ्या आणि फळीवर लावा.’’

तो बिचारा तीस वर्षांचा. म्हणाला, ‘‘आजी, काढून टाकलेलं पुस्तक नेलं तर ती चोरी होत नाही.’’

‘‘तुला काय कळतंय,’’ म्हटलं, ‘‘लाव फळीवर.’’

त्याने लावलं. चिठ्ठी मी लिहिली नाही. आधी तुला हे सगळं कळायला हवं, मग गावाला. शिवाय आता माझी चिठ्ठी तुला हवी आहे की नको, तेही मला माहीत नाही. नको असली तर ती फळी तशीच राहील. पण कुणी विचारलं, ‘नोला, बहिणीचं पुस्तक कसं आहे?’ तर या वेळी मी हसणार नाही. उत्तर देईन.

तामाती येऊन बसलाय. गाडी उद्याची, पण सामान आज भरायचं म्हणतो. चहा पिऊन झाला, तिसरा. म्हणतो, ‘‘बाई, एवढं लांब पत्र? सातव्या पिशवीत पुस्तकांना जागा राहील ना?’’

एक राहिलं. वर लिहिलंय की वह्या परत येताहेत. वाचल्या नाहीत असं लिहिलेलं नाही, नीट बघ. मुद्दामच लिहिलं नाही, कारण शनिवारी सुतळी सोडली. चार पानं वाचली. मग हाताने तोंड दाबून वही मिटली, आणि तेव्हापासून मला ना झोप ना भूक. सोमवारपासून किटल्या ठेवतेय आणि बरण्या पुसतेय ते सगळं पत्रापायी नाही, निम्मं त्या चार पानांपायी आहे. त्यातला तो बर्ट चुलीवर चहाचं आधण ठेवतो, दोन कप काढतो, बूट न घालता बाहेर पडतो, आणि बायको खाली येते तर आधण उकळतंय आणि माणूस नाही. इथे पान संपलं.

एव्ही, तू ब्रिस्बेनला जा, माझ्याशी बोलू नकोस, उजव्या बाकावर बस, सगळं मान्य. पण मला एवढं तरी कळव, तो माणूस बूट न घालता गेला कुठे?

तुझी,
पाचव्या पानाशी अडकून बसलेली,
नोला